मराठीचा तास

आमच्या घरात शाळा नऊ वाजता भरत असे, आणि ती भरली आहे हे बाहेर कुणाला कळू नये म्हणून आई त्याआधी रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेई. चेन्नईत, पेरुंगुडीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. खाली जिन्याशी एक निवृत्त गृहस्थ सकाळभर खुर्ची टाकून पेपर वाचत बसत आणि दिसेल त्या मुलाला, कुठल्या शाळेत आहेस, असं विचारत. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण साडेतीनच्या आधी आम्ही खाली उतरायचं नाही, बाल्कनीत उभं राहायचं नाही आणि बेल वाजली तर आतल्या खोलीत जाऊन बसायचं, अशी आईची ताकीद होती. मुलांना शाळेत न पाठवता घरी शिकवणं चालतं की नाही, हे तिला स्वतःलाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि विचारायला जावं तर विचारण्यातूनच ते उघड होणार. त्यामुळे बे एके बे म्हणतानासुद्धा आम्ही आवाज खाली ठेवत असू. अजूनही मी काही वाचत बसलेला असताना बेल वाजली की माझा हात आपोआप पुस्तक मिटतो. बायको हसते. तिला मी कारण सांगितलं आहे, पण अर्धंच.

दुसरीपर्यंत मी शाळेत जात होतो. तिथं लघवीला जायचं तर इंग्रजीतलं एक पूर्ण वाक्य म्हणावं लागे; ते म्हटल्याशिवाय बाई मान हलवत नसत. एका दुपारी मला ते वाक्य आठवेना. मी तमिळमध्ये सांगून पाहिलं, मराठीत सांगून पाहिलं, मग नुसताच उभा राहिलो, आणि व्हायचं ते सगळ्या वर्गासमोर झालं. त्यानंतर रोज सकाळी माझ्या पोटात कळ येऊ लागली. आई मूळची साताऱ्याची, लग्नाआधी दोन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली. तिनं महिनाभर वाट पाहिली आणि एक दिवस जाऊन माझा दाखला घेऊन आली. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटलेलं नव्हतं. ते श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होते. कंपनीची बस पहाटे पाचला मुख्य रस्त्यावर येई. संध्याकाळी परत येत तेव्हा वाद घालण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलेलं नसे. ‘एक वर्ष बघू,’ एवढंच ते म्हणाले. वर्षाची दोन वर्षं झाली, पण ते ‘बघू’ काही गेलं नाही. गणित चुकलं, ताप आला, बहिणीशी भांडलो, काहीही झालं तरी मला वाटे की आता अप्पा म्हणणार, पुरे झालं, शाळेत जा. त्या वयात मला भुताची भीती नव्हती, अंधाराची नव्हती. मला फक्त त्या वर्गाची भीती होती.

घरात आणखी एक माणूस होतं ते अत्तै, अप्पांची थोरली बहीण. तमिळमध्ये आत्याला अत्तै म्हणतात आणि आमच्या तंजावरी मराठी घरांत अशी सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या जन्माच्या आधीच तंजावरहून आमच्याकडे राहायला आली होती. ‘झालं’ला ती ‘जालं’ म्हणे. तिच्या वाक्यात तीन शब्द मराठी असले की चौथा तमिळ येणारच, आणि सगळ्याला चाल मात्र तमिळची, शेवटाला उचललेली. महाराष्ट्र तिनं कधी पाहिला नव्हता. आईचं बोलणं मात्र ती कौतुकानं ऐके आणि शेजारणीला सांगे, आमची सुनीता पुस्तकातली मराठी बोलती. या कौतुकाखाली थोडा टोमणाही असे, हे मला फार उशिरा कळलं. आई तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणे. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. पण डांगर पच्चडी, म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर हिंगाची फोडणी दिलेली, ती ताटात आली की आई पहिला घास जरा सावकाश घेई, आणि अत्तै तिकडे न बघताच ते बघत असे.

सकाळी पहिला आवाज अत्तैच्या कॉफीच्या फिल्टरचा. डिकॉक्शन लवकर उतरावं म्हणून ती त्याला बोटानं टिचक्या मारत राही. मग कुकरच्या शिट्ट्या, मोहरीची तडतड, आणि त्यातच आईचा हलका आवाज, चला, बसा. आमच्याकडे बाकं नव्हती, फळा नव्हता. स्वयंपाकघर आणि त्यालगतची खोली हीच शाळा. अपूर्णांक आम्ही डोशावर शिकलो. आई उलथन्यानं डोशाचे आठ तुकडे करी आणि विचारी, पाव किती? बरोबर आलं तर तेवढे तुकडे खायला मिळत. माझी बहीण मैथिली, जिला सगळे मिथू म्हणत, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पाच वर्षांची. तिच्यासमोर मुगाची, तुरीची आणि हरभऱ्याची डाळ एकत्र करून ठेवत आणि ती निवडून वेगळी करायला सांगत. ती निवडताना प्रत्येक दाण्याशी बोलायची. बाल्कनीतल्या मुंग्यांच्या रांगेची लांबी आम्ही दोऱ्यानं मोजली होती. गच्चीचा नकाशा काढला होता, त्यात वाळत घातलेल्या साड्यांच्या जागासुद्धा दाखवल्या होत्या. आता मागे वळून पाहताना वाटतं, शिकण्याचं ते फार चांगलं घर होतं. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

दहा ते साडेअकरा मराठीचा तास. त्या दीड तासात एकही तमिळ किंवा इंग्रजी शब्द नको, असा आईचा नियम होता. आपण इथं राहून मुलांची भाषा गमावणार, ही तिची स्वतःची भीती होती. अप्पा मराठी बोलायचे ते अत्तैसारखंच; पण मिथू तर अत्तैच्या कडेवरच वाढलेली, अत्तैचीच भाषा तिच्या तोंडी बसलेली. सगळ्यात पंचाईत एका शब्दाची व्हायची. तमिळमध्ये दुधाला ‘पाल’ म्हणतात. मिथू सकाळी उठून अत्तैला म्हणे, मला पाल दे, आणि आईच्या अंगावर शहारा येई. ‘पाल भिंतीवर असते बाळा, पेल्यात नसते,’ ती म्हणायची. अप्पा एकदा हसून म्हणाले, साताऱ्यात भिंतीवर दूध असतं म्हणायचं. भिंतीवरच्या पालीला तमिळमध्ये ‘पल्ली’ म्हणतात आणि अत्तै तेच म्हणे, मिथूही तेच. शेवटी आईनं एका कागदावर दोन चित्रं काढून भिंतीला लावली. एक पेला, खाली ‘दूध’. एक पाल, खाली ‘पाल’. मिथू त्यापुढे उभी राहून बोट लावून लावून पाठ करी.

आणि या तासाला आईनं मला हाताशी घेतलं होतं. मला ‘छोटे गुरुजी’ म्हणत. एक वही आणि एक लाल पेन्सिल माझ्या ताब्यात होती. मिथूच्या तोंडून परका शब्द आला की वहीत फुली मारायची, आणि बरोबर शब्द तिच्याकडून पाच वेळा म्हणवून घ्यायचा. आईनं हे खेळासारखं सुरू केलं होतं. मी त्याचा खेळ राहू दिला नाही. मला फुल्या मारायला आवडायचं. मिथू बोलायला तोंड उघडायची तेव्हा मी पेन्सिल उचलून धरायचो, आणि ते पाहून ती मधेच थांबायची, डोळे मिचकावायची, शब्द शोधायची. तिचं ते थांबणं मला बघायला आवडत होतं. ज्या मुलाला एका वाक्यासाठी वर्गात उभं केलं होतं, त्यानंच हे करावं, याचा अर्थ मी पुष्कळ वर्षं लावत बसलो. अर्थ लागला तरी त्यानं काही फरक पडत नाही.

त्या दिवशी परीघ मोजायचा पाठ होता. घरातली गोल झाकणं गोळा करायची, प्रत्येकाभोवती दोरा गुंडाळायचा, दोरा पट्टीवर धरून लांबी लिहायची. आईला काही पानांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या; अर्ध्या तासात येते, तोवर मराठीचा तास तू घे, असं सांगून ती गेली. अत्तै ओले कपडे घेऊन गच्चीवर गेली. मी स्वयंपाकघरातून मिळतील तेवढी झाकणं आणली: डब्यांची, कुकरचं, आणि ओट्यावर निवायला ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यावरचं. पातेल्याचं झाकण सगळ्यात गोल होतं, म्हणून मला ते हवंच होतं. मी ते उचललं, पातेलं तसंच उघडं टाकलं आणि चटईवर येऊन बसलो. दोरा सुटत होता, मी तो पुन्हा पुन्हा गुंडाळत होतो.

मिथू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

‘दादा, पाल पडली.’

मी वर पाहिलं नाही. ‘दूध,’ मी म्हणालो. ‘आणि पडली नाही, सांडलं. दूध सांडलं.’

‘पाल पडली.’

‘मिथू, मराठीचा तास आहे.’

मी मान वर केली तेव्हा ती भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून, प्रत्येक अक्षर सुटं करत, पाठ म्हणताना म्हणायची तसं, ती म्हणाली, ‘पाल.’ मी वही ओढली आणि दोन फुल्या मारल्या, एक शब्दाची, एक क्रियापदाची. पाच वेळा म्हण, दूध सांडलं. तिनं म्हटलं. चौथ्या वेळी तिचा ओठ थरथरत होता, पाचव्या वेळी आवाज जेमतेम आला. मला वाटलं, सुधारली.

ती पल्ली म्हणाली असती तर मी तत्काळ उठलो असतो. पण मराठीचा तास होता, पल्ली हा तमिळ शब्द होता, म्हणून त्या पाच वर्षांच्या मुलीनं घाबरलेली असतानासुद्धा आठवून आठवून बरोबर मराठी शब्द वापरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं तो बरोबर वापरला होता.

अत्तै गच्चीवरून आली. मिथूचा चेहरा पाहून तिनं विचारलं, काय जालं ग, राणी? मिथूनं आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पेन्सिल होती. ‘दूध सांडलं,’ ती म्हणाली. अत्तै आत गेली, ओटा पाहिला, फरशी पाहिली आणि हसत म्हणाली, कुठं सांडलं? आहे तिथंच आहे की. तिनं वरची साय बाजूला करून मिथूचा पेला भरला, साखर घातली आणि चटईवर आणून दिला. मला दूध आवडत नसे, मला ताक मिळे. अत्तै सांबार ढवळायला परत आत गेली.

मिथू पेल्याला हात लावेना. नको, म्हणाली. का नको, तर काहीच बोलेना, नुसती मान हलवे. मी गुरुजी होतो. मी म्हणालो, दहा घोट, मी मोजतो. ती रडत होती आणि पीत होती, आणि मी मोजत होतो. सात झाल्यावर तिला उमासा आला. दहा पूर्ण झाले तेव्हा मी शाबास म्हणालो.

कॉफी करायला अत्तैनं पातेलं कलतं केलं तेव्हा पाल तळाशी दिसली. अत्तै ओरडली नाही. दोन्ही हातांत पातेलं धरून ती बाहेर आली आणि दारात थांबली. ‘पल्ली,’ एवढंच म्हणाली, तेही स्वतःशी. मग पातेलं खाली ठेवून तिनं मिथूला उचललं, मोरीत नेलं, मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घातली. मी दारात उभा होतो. मला त्या वेळी नेमकं काय कळलं ते अजून स्पष्ट आठवतं. आधी कळलं, मिथू मरणार. आणि त्याच्या पाठोपाठ, इतक्या लगोलग की दोन्हीत श्वासाचंही अंतर नव्हतं, कळलं की तिनं मला सांगितलं होतं हे कुणाला समजता कामा नये. मी वही उघडून ते पान फाडलं, चुरगळून चड्डीच्या खिशात कोंबलं. अत्तैच्या हातात मिथू ओकत होती, तेव्हा मी हे करत होतो.

फाटकाशी आई भेटली. आम्ही रिक्षा पकडली. अत्तैच्या पायात चपला नव्हत्या. मिथूचं डोकं आईच्या खांद्यावर होतं, डोळे अर्धे मिटलेले, आणि मी तिची छाती हलते का हे बघत होतो. प्रत्येक सिग्नलला मी मनात नवस बोलत होतो. कुठल्या देवाला, ते ठरलेलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई शांत होत्या. नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, कागदावर लिहिता लिहिता मिथूची इयत्ता आणि शाळा विचारली. आईचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते परक्या माणसाला सांगितलं: घरीच शिकतात. डॉक्टरबाईंनी ‘बरं’ म्हणून पुढचा रकाना भरला. पाल लोक समजतात तितकी विषारी नसते, म्हणाल्या, भीतीनंच माणूस जास्त ओकतं; पण मूल लहान आहे, संध्याकाळपर्यंत इथं राहू दे. त्यांनी सलाईन लावलं. त्या छोट्या हाताला सुई लावताना दोघींनी धरून ठेवलं, आणि मिथू रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला त्या बघण्याची जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच नाही.

अप्पांना शेजारच्यांनी कारखान्यात फोन करून कळवलं होतं. ते चार वाजता पोचले, कंपनीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मिथू तोवर बिस्कीट खात होती. तिला बघून त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग, भीती ओसरली की माणसाला राग येतो तसा, त्यांना राग आला. पातेल्यावर झाकण का नव्हतं? अत्तै म्हणाली, मीच विसरले असेन रे. मी खाली मान घातली. दुपारी निघायच्या गडबडीत तिनं चटईवरची झाकणं पायानं बाजूला सारली होती, आणि त्यातलं एक दुधाच्या पातेल्याचं होतं. ते तिला न दिसणं शक्यच नव्हतं.

मग अप्पांनी विचारलं, पोरीनं बघितलं होतं तर बोलली का नाही? अत्तैनं सांगितलं, ती म्हणाली दूध सांडलं. अप्पा खुर्चीवर बसले. पाच वर्षांच्या मुलीला समोर काय घडलं हे धड सांगता येत नाही, ते म्हणाले, हेच जर घरचं शिक्षण असेल तर जूनपासून दोघं शाळेत जातील. आई उभी होती. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ‘दोष शिकवण्याचा नाही,’ ती सावकाश म्हणाली. ‘घरात दुधाला पाल म्हणतात आणि पालीला आणखी काही. पोरीनं कुणाचं धरायचं? मी एक शब्द देते आणि वन्सं दुसरा देतात.’

अत्तै पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आई माझ्याकडे वळली. ‘तू तिथंच होतास. मिथू तुला काही म्हणाली होती?’

माझ्या खिशात तो कागद होता. मांडीला टोचत होता. मिथू कॉटवर बसून बिस्कीट हातात धरून होती. मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर छोटे गुरुजी कोण, वही कसली, हे सगळं निघणार, आणि अप्पा म्हणणार, बघा, हीच ती घरची शाळा. आणि जूनमध्ये मी पुन्हा त्या वर्गात उभा असणार.

‘नाही,’ मी म्हणालो.

मिथूनं बिस्कीट तोंडापाशी नेलेलं होतं, ते तिनं खाली ठेवलं. एवढंच.

पुढच्या आठवड्यात घरात हळू आवाजात बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की आमचं शिक्षण घरीच चालू राहील, आणि अत्तै काही दिवस तंजावरला दिरांकडे राहील, पोरीची जीभ एका भाषेवर बसेपर्यंत. ‘काही दिवस’ असंच सगळे म्हणत होते. तिला पोचवायला अप्पांबरोबर मी एग्मोर स्टेशनवर गेलो. अप्पा पाण्याची बाटली आणायला उतरले, तेव्हा खिडकीच्या गजांतून हात घालून तिनं माझी हनुवटी धरली. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. ती म्हणाली, ‘राजा, चांगलं शिक. पण पोरीला रडवू नक्को हं.’ तिला किती माहीत होतं, हे मी विचारू शकलो असतो. मी मान डोलावली. अप्पा बाटली घेऊन आले.

ती परत आली नाही. चार वर्षांनी तिकडेच गेली. आणि ज्या शाळेच्या भीतीनं मी हे सगळं केलं, तिच्यात नाही तरी दुसऱ्या एका शाळेत आम्हाला दीड वर्षानं घातलंच. तिथं मला काहीच झालं नाही. दुसऱ्याच दिवशी एका मुलाशी मैत्री झाली. हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्या दिवसापासून भीतीनं रूप बदलून माझ्यात कायमचं घर केलं. कुणी मला सरळ प्रश्न विचारला की आधी तोंडात ‘नाही’ येतं, मग मी विचार करतो.

मिथू त्या दिवसानंतर आईशी मराठी बोलायची थांबली. भांडून वगैरे नाही. विचारलेलं सगळं तिला समजे, उत्तर मात्र तमिळमध्ये येई. आईनं पुष्कळ प्रयत्न केले, मग सोडून दिलं. आता ती शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिची मुलगी तेव्हाच्या तिच्याएवढी आहे, आणि मिथूला मराठी वाचता येत नाही. आठवणी लिहायला बसलो तेव्हा हे प्रकरण मी सगळ्यात आधी लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की कबुली दिली तीही जिला द्यायची तिला न कळणाऱ्या लिपीत. मला लाज वाटली. त्या रविवारी तिच्याकडे गेलो आणि जेवणानंतर तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं, झाकणापासून ‘नाही’पर्यंत.

तिला पाल आठवत नव्हती. सुई आठवत होती, आणि मी मोजत होतो ते आठवत होतं. आकडे तिला आजही दहाच्या पुढे मोठ्यानं म्हणता येत नाहीत, म्हणाली, आणि हसली, पण ते हसणं खरं नव्हतं. मग तिनं विचारलं, अत्तै घरातून गेली ती मी काहीतरी चुकीचं बोलले म्हणून, असंच ना? तिला एवढी वर्षं असंच वाटत होतं. मी म्हणालो, तू बरोबर बोलली होतीस. घरात त्या दिवशी बरोबर बोललेली तू एकटीच होतीस.

ती नखानं टेबल खरवडू लागली. ‘आईला माहीत आहे?’

‘नाही.’

‘मग मला काय सांगतोस? मी पाच वर्षांची होते. तिला सांग. मी येते बरोबर.’

अप्पा आता नाहीत. आई माझ्याकडे असते. अत्तैचा विषय निघाला की ती आजही म्हणते, माणूस चांगलं होतं, पण त्यांच्या त्या बोलण्यापायी माझी पोर जायची. पुढच्या शनिवारी मिथू आली आणि आईशेजारी पलंगावर बसली. आई परातीत कढीपत्ता निवडत होती. मी समोर बसून सांगितलं. वय झालेल्या बाईला हे कशाला, असं मला मधेच वाटलं, आणि ती माझीच जुनी भीती आहे हे ओळखून मी थांबलो नाही. तिचे हात पाल्यावर चालत होते ते हळूहळू थांबले. मला वाटलं ती रागावेल, किंवा म्हणेल, लहान होतास, सोड. ती दोन्हीतलं काहीच म्हणाली नाही.

‘स्टेशनवर तू गेला होतास ना अप्पांबरोबर?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘मी नव्हते आले. डोकं दुखतंय म्हणाले होते.’ ती काड्या एका बाजूला करू लागली. ‘वन्संनी गाडीत खायला काही नेलं होतं?’

‘डबा होता. दहीभात होता.’

‘कुणी करून दिला?’

मिथूनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तोंडात ‘नाही’ आलं नाही. आई वाट बघत होती.

‘तिचा तिनंच,’ मी म्हणालो. ‘पहाटे उठून. आपला सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवला, आणि मग तिचा डबा भरला.’